थंड चालणारी गाडी

"गाडी थंड चालतेय, शेठ," हे म्हणाले.

मी चहाचा ट्रे घेऊन गॅरेजच्या दारात उभी होते. आत दोशी शेठांची पांढरी अँबॅसॅडर बॉनेट उघडं टाकून गुरगुरत होती, आणि हे रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपावर उजवा हात ठेवून, डोळे मिटून उभे होते. असे उभे असले की यांना हाक मारायची नाही, हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक होतं. वैद्य नाडी धरतो तसा हे पाइप धरत.

"थंड?" शेठ खिडकीतून आत डोकावले. "अहो मिस्त्री, काटा तर बरोबर मधोमध आहे."

"काट्याला काय कळतंय? एवढा वेळ इंजिन चालू आहे. एव्हाना हा पाइप असा तापायला हवा की माणसानं हात झटकून मागं व्हावं. आणि मी बघा, आरामात धरून उभा आहे."

"मग आता?"

"थर्मोस्टॅट गेला असणार. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरायचं, हे त्याचं काम. तो उघडाच अडकला की पाणी सारखं फिरत राहतं, इंजिन ऊब धरत नाही. पेट्रोल जास्त खातं, आतून झिजतं. गाडी ठेवून जा. नवा बसवून देतो."

शेठ हसले. "तुमचा हात म्हणतोय ना, मग झालं. फक्त पुढल्या आठवड्यात सगळं घर घेऊन कुंभोजला जायचंय, तेवढं बघा बुवा." चहा पिऊन ते चालत पेठेतल्या दुकानी गेले.

जाताना त्यांनी एकदाही स्वतः पाइपाला हात लावून बघितला नाही. तशी पद्धतच नव्हती. ही तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आमच्या फलटणमध्ये गाडीच्या बाबतीत भालूमिस्त्रीचा हात म्हणजे शेवटचा शब्द होता. इंजिनावर तळवा टेकवून आतला कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते सांगायचे. चाकाला हात लावून बेअरिंगचं आयुष्य सांगायचे. गॅरेजला पाटीसुद्धा नव्हती आमच्या, लागलीच नाही कधी. घर, पोरीचं कॉलेज, सणवार, सगळं त्या एका हातावर उभं होतं. आणि यांचा ताठा! बाजारातून चालताना मान अशी वर असायची की मला वाटायचं, एखाद्या दिवशी गटारात पडतील. मी तसं बोलूनही दाखवायचे. मी तोंडाची फटकळ आहे, सगळ्या आळीला ठाऊक आहे.

मला मात्र गॅरेजात पाऊल टाकायला बंदी होती. "बाईमाणसाचं काय काम तिथं?" म्हणायचे. "तुमच्या त्या तेलकट भुताटकीत यायची हौस आहे कुणाला?" असं म्हणून मी चहा दारातच ठेवायचे आणि परत फिरायचे.

नवा थर्मोस्टॅट आला. यांनी बसवला. गाडी चालू केली, पाइपावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मी ओट्यावरून बघत होते. हात काढला तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

"काय हो?"

"थंडच आहे."

मग रेडिएटर उतरवला, धुतला, पुन्हा चढवला. पाण्याचा पंप उघडला. डोक्याला हात लावून बसले. पुन्हा जोडला. बाकीच्या गाड्या रस्त्याकडेला तशाच पडून, आणि हे त्या एका अँबॅसॅडरच्या मागं. इंजिन चालू करायचं, पाइप धरायचा, मान हलवायची. जेवायला बोलावलं तर येतो म्हणायचे आणि यायचे नाहीत. भाकरी निवून जायच्या. माझं डोकं तापलं.

"सवत म्हणून घरातच आणून बसवा तिला," मी दारातून म्हटलं. "दोघींना एकदमच वाढते."

एरवी अशा बोलण्यावर यांनी मला दुप्पट सुनावलं असतं. त्या दिवशी नुसतं बघितलं माझ्याकडे आणि परत बॉनेटखाली वाकले. तेव्हा मात्र मी ओळखलं. हा माणूस भांडत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय.

शेठ विचारायला आले. "मिस्त्री, झाली का?"

"उद्या देतो, शेठ."

"तुमच्याकडे 'उद्या' कधी नव्हता हो," शेठ म्हणाले. सहज म्हणाले, मनात काही नव्हतं त्यांच्या. पण हे एवढंसं तोंड करून घरात आले आणि पाण्याच्या पिंपाजवळ नुसतेच उभे राहिले.

"एका गाडीचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं?" मी म्हटलं. "नाही जमली तर नाही."

"एका गाडीचं नाही गं. हात खोटा ठरला, तर भालूमिस्त्रीत दुसरं आहे काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते, तर हे हातात तो थर्मोस्टॅट घेऊन स्वयंपाकघरात आले. पितळेची लहानशी वस्तू, लिंबाएवढी, मध्ये झाकण आणि खाली स्प्रिंग.

"एक पातेलं दे."

"कशाला?"

"हा नवाच खराब आला असेल. पाण्यात उकळून बघतो. पाणी तापलं की झाकण उघडायला पाहिजे. नाही उघडलं तर बिघाड सापडला."

"चहाचं पातेलं मिळायचं नाही, आधीच सांगते."

एक पोचे आलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं काढून दिलं. यांनी पाणी ओतलं, तो थर्मोस्टॅट आत सोडला आणि स्टोव्ह पेटवला. दोघंही पातेल्यावर वाकून बघत बसलो. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण यांचं काम इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघत होते. पाण्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरले. मग वाफ यायला लागली. मग ते झाकण हळूच वर उचललं गेलं आणि चांगली बोटभर फट पडली.

"उघडला की हो!" मी आनंदानं म्हटलं. "चांगला आहे!"

"उघडला?" यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एवढ्यात कसा उघडेल? बघू."

आणि यांनी पातेल्यात हात घातला.

चिमटा नाही, फडकं नाही. सरळ उजवा हात उकळत्या पाण्यात घातला, तळाशी चाचपला, थर्मोस्टॅट उचलला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून बघायला लागले. यांच्या बोटांतून वाफा निघत होत्या. मनगटावरून पाणी ओघळत होतं.

मी किंचाळले.

"काय झालं ओरडायला?"

"हात! अहो, हात बघा तुमचा!"

यांनी हाताकडे बघितलं. दुसऱ्याच कुणाचा असावा तसं बघितलं. "काय झालंय त्याला? तुझा स्टोव्ह मंद आहे. पाणी कोमट आहे नुसतं."

"कोमट?" मी बोटाचं टोक पाण्याला लावलं आणि आई गं म्हणून ओढून घेतलं. "पोळून निघाला असेल हात, आणि कोमट म्हणता?"

तोवर यांच्या बोटांवरची कातडी लाल होऊन फुगायला लागली होती. माझ्या डोळ्यांदेखत फोड आले. हे त्या फोडांकडे बघत राहिले, आणि थर्मोस्टॅट हातातून खाली पडला. मग हळूच भिंतीला टेकून जमिनीवर बसले.

मी स्टोव्ह बंद केला. थंड पाण्याची कळशी आणून हात त्यात बुडवला. हात माझ्या हातात होता, पण धरल्याचं यांना कळत होतं की नाही, कोण जाणे.

"दुखतंय?"

यांनी मान हलवली. नाही.

"जरासुद्धा नाही?"

पुन्हा नाही. मग डाव्या हातानं शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत वर सरकवली. पुढच्या हातावर, आतल्या बाजूला, पुरीएवढा फिकट चट्टा होता. तेलानं, काळ्या ग्रीसनं माखलेला तो हात मी रोज बघत होते, आणि तो चट्टा मला दिसला नव्हता. आंघोळीलाही हे हल्ली कडी लावून घ्यायचे, ते आत्ता ध्यानात आलं.

"कधीपासून?"

"पावसाळ्यात दिसला. वाटलं, गजकर्ण असेल. मग करंगळीला मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्यापण बंद झाल्या."

"आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"काय बोलायचं?" यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "थोरल्या मामाला मळ्यात ठेवलं होतं, तुला ठाऊक नाही. मी लहान असताना भाकरी घेऊन जायचो. बांधावर ताटली ठेवायची, काठीनं पुढं सरकवायची आणि मागं पळायचं. तो मेला तेव्हा झोपडीसकट पेटवून दिलं." मग म्हणाले, "म्हणून वाटत होतं, शेठची गाडी खरंच थंड चालत असेल. रोज हात लावताना वाटायचं, देवा, गाडीच बिघडलेली निघू दे. ती थंड निघाली असती तर किती बरं झालं असतं गं."

मला रडू कोसळलं. घाबरलेही होते, खोटं कशाला सांगू. पण मी घाबरले की मला राग येतो, तो माझा स्वभाव आहे.

"उठा," मी म्हटलं. "दवाखान्यात जायचं."

"फलटणमध्ये नाही. कुणी बघितलं तर..."

"मग साताऱ्याला जाऊ. मोठा सरकारी दवाखाना आहे. पण जायचं म्हणजे जायचं."

"आणि तोच रोग निघाला तर?"

"निघाला तर निघाला! बोटं गळून पडेपर्यंत लोकांच्या गाड्यांना नावं ठेवत बसणार आहात का?"

माझ्या तोंडून एवढं कडू निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. पण हे उठले.

साताऱ्याला डॉक्टर मंगळवेढेकर म्हणून बाई होत्या. वयानं माझ्याहून बऱ्याच लहान. यांचा हात त्यांनी सरळ आपल्या हातात घेतला, कोपराजवळची शीर दाबून बघितली, चट्ट्यावरून कापूस फिरवला. मग टेबलावर काचेच्या दोन नळ्या ठेवल्या. एकीत गरम पाणी, एकीत गार.

"डोळे मिटा, काका. मी नळी लावीन. गरम की थंड, तेवढं सांगायचं."

हे डोळे मिटून बसले. डॉक्टरबाईंनी चट्ट्यावर गार नळी लावली.

"थंड," हे म्हणाले.

गरम लावली. काचेला आतून वाफ धरली होती, मला दिसत होती.

"थंड."

करंगळीला गरम लावली. "थंड." तळव्याच्या कडेला लावली. "थंड." गॅरेजात सांगायचे त्याच आवाजात, तसेच ठामपणे सांगत होते. मला वाटत होतं, उठावं आणि ती नळी फेकून द्यावी. मग बाईंनी तीच नळी डाव्या हाताला लावली, आणि यांनी दचकून हात मागं घेतला. डोळे उघडले. समोरच्या नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काही विचारायचं उरलं नाही.

डॉक्टरबाईंनी रोगाचं नाव घेतलं, आडपडदा न ठेवता. कुष्ठरोग. म्हणाल्या, गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, गोळ्या फुकट मिळतात, फक्त चुकवायच्या नाहीत. सुरू केल्या की इतरांना लागण व्हायची भीती राहत नाही. घरात एकत्र जेवा, एकत्र राहा. लवकर आलात, बोटं शाबूत राहतील.

"आणि कळायचं?" यांनी विचारलं. "गरम, थंड?"

"ते परत येईलच असं मी सांगणार नाही, काका. यापुढं गरम वस्तूला हात लावायच्या आधी डोळ्यांनी बघायचं. हातावर भरवसा ठेवायचा नाही."

हे मान खाली घालून बसून राहिले. रोगाचं नाव ऐकून एवढे खचले नव्हते, तेवढे या वाक्यानं खचले.

परतीच्या एसटीत मी हळू आवाजात म्हटलं, "शेठना काही सांगू नका. थर्मोस्टॅट खराब होता, बदलला, म्हणायचं. तो नवा परत बसवून टाका. गाडी घेऊन जातील, विषय मिटेल. कुणाला काय कळणार आहे?"

हे खिडकीबाहेर बघत होते. लोणंद मागं गेलं. मग म्हणाले, "हातानं खोटं सांगितलं ते नकळत. आता तोंडानं सांगू म्हणतेस?"

"आपल्याला पोट आहे हो."

"ठाऊक आहे मला."

दुसऱ्या दिवशी शेठ आले. यांच्या हाताला पट्टी होती. यांनी गाडी चालू केली, चांगली तापू दिली. मी दारात उभी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, नका सांगू, नका सांगू.

"शेठ, तुम्ही हात लावा पाइपाला."

"मी?"

"लावा तर."

शेठनी बिचकत बोटं टेकवली आणि झटकन ओढली. "अरे बापरे! मिस्त्री, हा तर चांगलाच तापलाय!"

"म्हणजे गाडी ठीक आहे. पहिल्यापासून ठीक होती. तुमचा जुना थर्मोस्टॅट आत पुन्हा बसवलाय, तोही चांगलाच होता. कुंभोजला बिनघोर जा. बिघाड गाडीत नव्हता शेठ, माझ्या हातात होता. मला महारोग निघालाय. गरम कळत नाही."

शेठनी खिशातून रुमाल काढला आणि ज्या बोटांनी पाइपाला हात लावला होता ती पुसायला लागले. पुसतच राहिले. आपण काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं बहुतेक. वाईट माणूस नव्हता तो, आमच्या पोरीच्या बारशाला आला होता. मग "बरं, बरं, काळजी घ्या" म्हणत गाडीत बसले आणि गेले.

"झालं समाधान?" मी म्हटलं.

"हो," हे म्हणाले.

संध्याकाळपर्यंत बातमी पेठभर झाली. रस्त्याकडेच्या गाड्या एकेक करून मालक येऊन घेऊन गेले. कुणी म्हणे पुण्याला नेतो, कुणी म्हणे विकायची आहे. आज एवढ्या वर्षांनी सांगते, यांची दहाही बोटं शाबूत आहेत, गोळी एकही चुकवली नाही. पण ते दिवस वाईट गेले. हे सकाळी गॅरेज उघडायचे, हत्यारं पुसायचे, ओळीनं मांडायचे आणि स्टुलावर बसून राहायचे. मी लोकांची शिवणं घ्यायला लागले. बोलायचंही कमी केलं मी, म्हणजे बघा.

पुढं उन्हाळा लागायच्या आधी एकदा सकाळी दूध डेअरीचा धोंडिराम जीप घेऊन आला. डेअरीत ड्रायव्हर होता.

"मिस्त्री, जीप नुसती डिझेल पितेय. सकाळी सकाळी पांढरा धूर सोडते."

हे स्टुलावरून उठले नाहीत. "माझं काय झालंय ते ऐकलं नाहीस का?"

"ऐकलं की. माझ्या आत्याला झाला होता. गोळ्या खाल्ल्या, खडखडीत बरी झाली. आता दिवसभर आम्हाला शिव्या घालत असते." त्यानं बॉनेट उघडलं. "जीप बघा ना."

जीप रात्रभर उभी होती, घरापासून इथवरच आली होती. हे म्हणाले, निवू दे पूर्ण. धोंडिराम माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायला. मग यांनी इंजिन चालू करायला लावलं. सवयीनं उजवा हात पाइपाकडे गेला, आणि अर्ध्यावर थांबला. तसाच हवेत राहिला. डाव्या हातावरही आता यांचा भरवसा उरला नव्हता. मला बघवेना. मी आत वळणार, तेवढ्यात यांनी हाक मारली.

"अगं, इकडं ये."

"मी? आत?"

"ये म्हणतोय ना."

मी पदर खोचला आणि गेले. पायाखाली तेलानं बुळबुळीत झालेली जमीन होती, आणि समोर ते धडधडणारं धूड.

"या पाइपावर हात ठेव. पंख्यापासून लांब धर. हां. आता बोल."

"काय बोलू? गार आहे."

"तशीच धरून राहा. काय होतंय ते सांगत जा. चांगल्या गाडीचा पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो."

मी धरून राहिले. पाइप हाताखाली थरथरत होता. "आता जराशी ऊब लागतेय," मी म्हटलं.

यांनी मान वर केली. "आत्ताच? एवढ्या लवकर?"

"हो. हळूहळू वाढतेय."

"चटका बसला की सांग."

आम्ही थांबलो. धोंडिरामनं विडी पेटवली, ती संपली. "चटका नाही हो," मी म्हटलं. "कोमटच आहे. तिथंच थांबलंय."

"कोमट म्हणजे केवढं? नीट सांग."

"बाळाला आंघोळ घालायचं पाणी असतं ना, तेवढं."

"नक्की?"

"पोरीला आंघोळ मी घालत होते की तुम्ही?"

धोंडिराम हसला. हे हसले नाहीत. माझ्या शेजारी डोळे मिटून उभे होते, दोन्ही हात मागं बांधून. मग म्हणाले, "धोंडिराम, इंजिन बंद कर. ही खरोखरच थंड चालतेय."

डाव्या हातानं नटांना पाने लावत, पट्टीची बोटं जपत, प्रत्येक वस्तू आधी डोळ्यांनी बघत यांनी पाइप सोडवला, वरचं झाकण उघडलं. आत थर्मोस्टॅट नव्हताच. आधीच्या कुठल्यातरी मिस्त्रीनं, गाडी उन्हाळ्यात तापू नये म्हणून, काढून फेकून दिला होता. नुसतं रिकामं भोक.

हे त्या भोकाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायचंही भान राहिलं नाही.

"काय झालं मिस्त्री?" धोंडिराम घाबरला. "मोठं काम निघालं का?"

"नाही रे. किरकोळ आहे. उद्या ने." मग माझा काळा झालेला हात यांनी मनगटाला धरून त्याच्यासमोर वर केला. "पण इथून पुढं कुणी विचारलं तर सांग. आमचा हात चुकत नाही."